चारीतली हळद

माझं काम पाळ्या लावण्याचं. हिंगोलीच्या एका दवाखान्यात मी वॉर्डची प्रमुख परिचारिका आहे. महिना संपायच्या आत कुणाची सकाळ, कुणाची दुपार, कुणाची रात्र हा तक्ता मीच करते. घरी फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, मोबाइलमध्ये यादी. त्यामुळे गावाकडं आमच्या मायनरवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाणी वापर संस्था निघाली तेव्हा कुणीतरी म्हणालं, "सिस्टरबाईलाच सांगा की पाळ्या लावाया. तिला कोणी भांडून जिंकत न्हाई." मी हो म्हटलं. बाबांनी शेताचा एक तुकडा माझ्या नावावर केलेला असल्यानं मी सभासद होतेच.

सुट्टीच्या दिवशी मी एसटी धरून बैठकांना जायला लागले तसं लोकांना वाटलं, बापाच्या शेतात पाणी यावं म्हणून पोरगी धडपडते आहे. पाणी हवंच होतं. पण मला खरं हवं होतं ते तांड्यावरचं एक घर. ते घर आम्हाला बंद होऊन फार वर्षं झाली होती, आणि ते पाण्यामुळंच बंद झालं होतं. म्हणून मला वाटायचं, उघडलं तर पाण्यामुळंच उघडेल.

आमचं गाव कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूरच्या रस्त्यापासून बरंच आत. धरणाचा मोठा कालवा दुरून जातो. त्यातून आमच्याकडं एक फाटा येतो, त्याला सगळे मायनरच म्हणतात. मायनरच्या तोंडाशी तांडा, मध्ये एक गाव आणि अगदी शेवटी आम्ही. म्हणजे टेल. आमच्या गावापाशी मायनर इतका लहान होतो की आम्ही त्याला चारी म्हणतो.

हा मायनर खोदला तेव्हा बाबा तरुण होते. रोजगार हमीचं काम होतं. त्यांच्याच टोळीत तांड्यावरचा एक जण होता, बाबांच्याच वयाचा, बोलायला तिखट आणि हसायला मोठा. दोघांची जोडी जमली. एकानं कुदळ चालवायची, दुसऱ्यानं टोपलं भरून द्यायचं. दोघांच्या बायका ती टोपली डोक्यावर घेऊन वर चढायच्या. मी तेव्हा झोळीत होते म्हणे. खोदलेल्या चारीच्या सावलीत दोन बाभळीच्या दांड्यांना माझी झोळी बांधलेली असायची, आणि जी बाई टोपलं रिकामं करून खाली उतरेल ती जाता जाता झोका द्यायची.

तांड्यावरच्या त्या जोडीदाराच्या बायकोला तिची मुलं याडी म्हणत. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मीही याडीच म्हणायचे. मी शाळेत असताना माझी आई गेली, त्यानंतर तर माझं अर्धं घर तांड्यावरच होतं. शाळा सुटली की मी चारीत उतरायचे आणि चारीतूनच चालत तांड्यावर जायचे. पाणी नसायचं तेव्हा चारी हाच आमचा रस्ता. वारा लागत नाही, काटा लागत नाही, दोन्ही बाजूंना माती वर, म्हणजे वाट चुकायचा प्रश्नच नाही. याडी चुलीपुढं बसलेली असायची. "आली का गे?" इतकंच म्हणायची. बस म्हणायची नाही. बस म्हणायची गरजच नव्हती. मी पिठाच्या डब्याशेजारची जागा धरायचे, आणि तिच्या जाड्या भाकरीचा पहिला पापुद्रा मला मिळायचा.

मी हे फार आठवत बसणारी बाई नाही. कामं असतात. पण दवाखान्याच्या कँटीनमध्ये कधी चुलीवरची भाकरी आली तर हातातलं पेन खाली राहतं, हे खरं.

भांडण एका वाईट वर्षी झालं. तेव्हा पद्धत अशी होती की प्रत्येक शेतकऱ्यानं हंगामाच्या आधी कचेरीत पाणी मागणीचा अर्ज द्यायचा. कुठलं पीक, किती जमीन ते लिहायचं. कचेरी मंजुरी द्यायची. पण पाणी कुणी मोजत नव्हतं. ते वरून सुटायचं आणि वरच्याच्या शेतात शिरायचं. त्याचं भिजलं की खालच्याला. खालच्यापर्यंत यायच्या आत वरच्याला पुन्हा तहान लागायची. मंजुरी आमच्या हातात असायची, पाणी तांड्याच्या शेतात.

त्या वर्षी बाबांचा गहू पोटरीला आला होता आणि चारी कोरडी. बाबा पाणी शोधत चारीतून वरच्या दिशेनं चालत गेले. मध्ये कुणी फोडलंय का, कुठं दगड टाकलेत का, बघत बघत थेट तांड्याशी पोचले. तिथं काकांच्या शेतात (बाबांच्या त्या जोडीदाराला मी काकाच म्हणायचे) पाणी बांधावरून सांडत होतं. मायनरमध्ये पोती कोंबून त्यांनी सगळं पाणी आपल्या मोरीतून, म्हणजे शेताकडच्या तोंडातून, आत वळवलं होतं.

बाबा म्हणाले, "मी खाली मरून राहिलो अन् तू बांधावरून पाणी सांडून राहिला?"

काका म्हणाले, "कालवा माझ्या दारावरून जातो. म्या काय डोळे मिटून बसू?"

"खोदला तवा दोघांनी खोदला."

"खोदला तवा कोणाच्या रानातून जाईल ते आपल्याला इचारून केलं व्हतं का?"

इतकंच. शिव्या नाहीत, मारामारी नाही. बाबा परत आले आणि म्हणाले, तिकडं जायचं नाही. मी गेले नाही. माझं लग्न झालं तेव्हा वऱ्हाडाची गाडी तांड्याच्या रस्त्यानं गेली. याडी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिनं हात वर केला नाही, मीही केला नाही. गाडी थांबवायला कुणी सांगितलं नाही.

याडी गेली ते मला आठवड्यानं कळलं. मधल्या गावची एक बाई बाळंतपणाला आमच्या वॉर्डात आली होती, तिनं बोलता बोलता सांगितलं. मी गावी फोन केला. बाबांना आधीच माहीत होतं. "गेलो न्हाई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर काही वर्षांनी नवी पद्धत आली. आमच्याकडं ती घेऊन आला एक तरुण शाखा अभियंता. चांगला मुलगा होता, पण बोलायला लागला की कागदासारखं बोलायचा. मधल्या गावच्या शाळेत बैठक ठेवली होती. तांड्याचे लोक खिडकीच्या बाजूला, आमचे दाराच्या बाजूला. काका पुढं बसले होते. केस पूर्ण पांढरे, मिशा मात्र तशाच. बाबा सगळ्यांत मागं, खांबाच्या आड.

साहेबांनी सांगितलं ते असं. यापुढं एकेकट्याचा अर्ज नाही. पावसाळा संपला की धरणात किती साठा आहे बघायचं. आधी शहरांच्या आणि गावांच्या पिण्याचं बाजूला काढायचं, मग शेती, मग कारखाने. शेतीच्या वाट्यातून आपल्या मायनरला जो हिस्सा येईल तो मायनरच्या तोंडाशी मोजून संस्थेला द्यायचा. आत कुणी किती घ्यायचं ते संस्थेनं ठरवायचं. संपलं की संपलं.

"मोजून?" तांड्याचा एक जण म्हणाला. "पाणी काय दूध हाय का साहेब, मापानं घ्याया?"

"दुधात तुमी पाणी घालता, म्हून माहिती तुमाला माप," आमच्यातला एक जण म्हणाला. सगळे हसले. साहेब हसला नाही, त्याला पुढचा मुद्दा सांगायचा होता. पुढचा मुद्दाच अवघड होता. पाळी टेलपासून सुरू करायची. आधी शेवटचं शेत, मग वर वर येत तोंडाशी.

खिडकीच्या बाजूला गलका झाला. पाणी दारावरून जाताना बघत बसायचं आणि आपल्याला शेवटी? एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लग्नात नवरदेवाला शेवटी जेवाया वाढता का?" मी उठून सांगितलं की वरच्या माणसाला शेवटी ठेवलं तरच तो खालच्याचं लवकर आटपावं म्हणून मदत करतो. आधी ठेवलं तर तो खाली बघतच नाही. वॉर्डात मी हेच करते. जो सिनियर असतो त्याची सुट्टी शेवटी लिहिते, म्हणजे बाकीच्यांच्या सुट्ट्या नीट लागतात की नाही हे तोच बघतो.

काकांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. ओळख लागायला वेळ गेला असावा. मग ते साहेबांकडं बघत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लावा टेलपासून. आमची ना न्हाई. पण पाणी तिथवर जाऊन तर दावा. गेलं तर म्या मिशा काढीन."

खांबाआडून बाबांचा आवाज आला, "मिशाचं काय घिऊन बसलाय. मायनरमधली पोती काढा म्हणाव."

कितीतरी वर्षांनी ते एकमेकांशी बोलले ते हे. तेही दुसऱ्याला सांगितल्यासारखं.

शेवटी ठराव झाला तो असा. पहिली पाळी टेलपासून करून बघायची. ती सुरळीत झाली तर नियम कायम. टेलवाल्यांना आपलं पाणी घेता आलं नाही तर पुन्हा वरून सुरुवात. मी ठराव स्वच्छ लिहून दिला. पाळ्यांचा तक्ता केला, त्याच्या प्रती काढल्या आणि तिन्ही ठिकाणी लावल्या. मला वाटलं, आता फक्त पाणी यायचं बाकी आहे.

कागदपत्रं पुरी व्हायला रब्बी जवळजवळ सरली. पहिली पाळी आली ती गहू पिकायच्या आणि हळद शिजवायच्या दिवसांत.

इथं आमच्या गावची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं विहिरीच्या पाण्यावर थोडी थोडी हळद सगळेच करतात. ती काढायची, मोठ्या कुकरमध्ये शिजवायची आणि मग उन्हात वाळवायची. वाळवायला कडक, स्वच्छ जागा लागते. माती लागली की रंग जातो आणि हिंगोलीच्या बाजारात व्यापारी नाक मुरडतो. आणि आमच्या गावात कडक, स्वच्छ, सिमेंटची, दिवसभर तापणारी अशी एकच जागा होती. चारी. कचेरीनं मध्ये कधीतरी चारीला अस्तर केलं होतं. पाणी येत नव्हतं, अस्तर मात्र चांगलं होतं. मग लोकांनी तिथं हळद पसरायला सुरुवात केली. कुठल्या घराचा कोणता तुकडा हेही ठरून गेलं. पोरींची लग्नं ठरवताना लोक अंगणात बसण्याऐवजी चारीच्या काठावर बसायचे, म्हणजे पाहुण्यांना हळद दिसावी. शेवटच्या पुलापासून पार टोकापर्यंत चारी पिवळी व्हायची.

पाळीच्या आदल्या दिवशी मी गावात पोचले आणि चारी पिवळीच होती.

मी बाबांना विचारलं, "हे काय? उद्या पाणी सुटतंय."

"सुटतंय न्हवं? सुटू दे."

"हळद उचला ना मग."

"येईल तवा उचलू. इतकी सालं तारखा ऐकून राहिलो मी. कागदावरचं पाणी हळद भिजवत न्हाई."

"बाबा, तुम्हीच ठरावावर सही केली."

"सही काय, सही करायला काय तकलीफ हाय." मग जरा थांबून म्हणाले, "तो सोडणार न्हाई पाणी. आज त्याचा गहू पिकलाय म्हून ऐकंल, उद्या शेजाऱ्याच्या भुईमुगासाठी पोती कोंबंल."

मी घरोघर गेले. सगळीकडं तेच. हो हो, उचलू की, पाणी मधल्या गावाला आलं की उचलू. तिथून यायला दिवस मोडतो. एक आजीबाई तर म्हणाली, "बाई, तू दवाखान्यातली, तुला येळेची घाई." टेलसाठी भांडणाऱ्या अख्ख्या गावात पाणी येईल यावर एकाचाही विश्वास नव्हता. मीही शेवटी अंगणातल्या बाजेवर टेकले आणि कोरी ताडपत्री किती आहे, पोती किती आहेत, हे नुसतं डोळ्यांनी मोजून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा होत होता तेव्हा मधल्या गावच्या सदस्याचा फोन आला. "पाणी आमच्या पुलाखालून गेलं की. चांगलं जोरात हाय. घ्या आता."

"इतक्यात? रस्त्यात कुणी घेतलं नाही?"

"कोण घेतो? तांड्याचं म्हातारं पहाटपासून काठी घिऊन मायनरवर हाय. एकेक मोरी हातानं बंद करत आलं. आमच्याबी गड्याला म्हणलं, टेलचं हाय, हात लावायचा न्हाई."

मी बाबांकडं पाहिलं. फोन स्पीकरवरच होता. बाबांनी कपबशी खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, मला सांगता येणार नाही. मग ते चपला न घालताच बाहेर पडले.

सगळं गाव चारीत उतरलं. फावडी, टोपली, साड्या, गोणपाट, हाताला येईल ते. पण पसरलेली हळद गोळा करणं म्हणजे सांडलेले तांदूळ उचलण्यासारखं नाही, त्याच्या कितीतरी पट काम. ट्रॅक्टर चारीत उतरत नव्हता. पाणी ज्या वेगानं येत होतं त्या वेगानं अर्धीसुद्धा उचलून होणार नव्हती, हे मला स्पष्ट दिसलं. आणि हळद भिजली तर आणखी एक होणार होतं. टेलवाल्यांना पाणी घेता आलं नाही, असा शेरा बसणार होता. नियम पहिल्याच दिवशी बुडाला असता.

मायनरच्या तोंडाचं गेट बंद करायचं तर त्याची चावी कालव्याचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याकडं, आणि पाटकरी दुसरीकडं गेलेला, फोन लागत नव्हता. मधल्या गावात घ्या म्हणावं तर तिथं हरभरा कापून रानात पडलेला. उरली एकच मोठी मोरी. तांड्याची. ती उघडली तर मागचा रेटा तुटेल आणि पुढं आलेलं पाणी वाटेतच दम सोडेल.

मी काकांचा नंबर लावला, स्पीकर सुरू केला आणि फोन बाबांपुढं धरला. ते घेत नव्हते.

"तू बोल."

"मी बोलले तर ते साहेबांना विचारतील. तुम्ही बोला."

पलीकडून आवाज आला, "हां, कोण?"

बाबा म्हणाले, "मी."

पलीकडं वाहत्या पाण्याचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "बोल."

"पाणी धर."

"काय?"

"धर म्हणतो पाणी. मोरी उघड तुझी."

"काहून?"

"चारीत हळद हाय."

मग काकांचं हसू आलं, तेच, पूर्वीचं, पोटातून येणारं. "आरं, जलमभर पाणी दे, पाणी दे करून राहिला. आज सोडलं तर म्हणतो धर? हळद काहून ठिवली चारीत?"

"तू सोडशील असं वाटलं न्हाई."

हसू थांबलं. बाबांनी हे सरळ सांगितलं, आडपडदा न ठेवता, आणि फोन अंगापासून लांब धरला, जणू पलीकडून काही येऊन लागेल.

"गहू उभा हाय माझा," काका म्हणाले. "हार्वेस्टर यायचं हाय परवा. आता पाणी घातलं तर आडवा होईल."

"मग राहू दे."

"थांब. फोन ठिव. पोरीला म्हणाव, हळद उचला लवकर." आणि फोन बंद झाला.

पाणी आलं, पण ते बारीक होऊन आलं. पुलाखाली जिभेसारखी ओल दिसली, थोडी पुढं सरकली आणि थांबली. पुलाजवळची आमची स्वतःची हळद तेवढी भिजली, बाकी गावाची निघाली. दुपारपर्यंत चारी झाडून स्वच्छ झाली. मग बाबांनी पुन्हा फोन लावला. या वेळी मला सांगावं लागलं नाही.

"सोड."

"सोडतो."

संध्याकाळी पाणी आमच्या शेवटच्या शेतात शिरलं. माणसं फटाके आणायला धावली, कुणीतरी गुळाचे खडे वाटले. बाबा बांधावर उकिडवे बसून भुईमुगाच्या वाफ्यात पाणी फिरताना बघत होते. मी शेजारी बसले. मला वाटलं होतं, हा क्षण आला की मला आई आठवेल. मला याडी आठवली. चारीतून पाणी वाहत होतं, म्हणजे तिच्याकडं जायचा माझा रस्ताच पाण्याखाली गेला होता. इतकी वर्षं जो रस्ता मोकळा होता त्या वाटेनं मी एकदाही गेले नव्हते, आणि आता तिथं जायला कुणी उरलंही नव्हतं.

त्याच रात्रीच्या वाऱ्यानं काकांचा गहू झोपला. ओली जमीन, वर भरल्या ओंब्या. हार्वेस्टरवाल्यानं बघितलं आणि मान हलवली. आडवा गहू यंत्राला उचलता येत नाही, हातानं कापावा लागतो, आणि त्या दिवसांत मजूर मिळत नाही. हे मधल्या गावच्या माणसानंच सांगितलं. काकांनी फोन केला नव्हता.

बाबांनी विळ्याला धार लावली. आमच्या शेजारचे दोघं-तिघं म्हणाले आम्हीही येतो. मी रजा वाढवली, वॉर्डातल्या दोघींच्या ड्युट्या फोनवरच बदलल्या, डब्यांची सोय केली आणि आम्ही टेम्पोनं निघालो. रस्त्यानं.

काका बांधावर उभे होते. बाबा उतरले, विळा घेऊन सरळ गव्हात शिरले आणि बसून कापायला लागले. काकांनी त्यांच्याकडं बघितलं. "मुठी लहान धर," म्हणाले. "ओंबी गळून राहिली."

"मला शिकवू नको. मिशा काढ आधी."

"टेलला पाणी गेलं हे म्या कुठं बघितलं?"

मग काकाही विळा घेऊन खाली बसले. दोघांनी कापायच्या पाती एकमेकांशेजारच्या घेतल्या होत्या.

मी डबे ठेवायला घराकडं गेले. घर आता सिमेंटचं आहे, बाहेर निळा रंग. चुलीच्या जागी गॅसचा ओटा. काकांची सून आत होती, तिनं मला कधी बघितलेलं नव्हतं. "या ना मॅडम," म्हणाली आणि प्लास्टिकची खुर्ची पुसून दिली. पाण्याचा ग्लास ताटलीत ठेवून आणला. फार चांगली मुलगी. मी खुर्चीत बसले. पिठाचा डबा कुठं आहे ते दिसत नव्हतं. मी विचारलंही नाही. भिंतीवर याडीचा फोटो होता, हार घातलेला, फोटोत ती म्हातारी होती. म्हातारपणीची याडी मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

दुपारी सगळे झाडाखाली जेवले. काका मला म्हणाले, "पुढची पाळी कवा हाय गं?"

"उन्हाळी. मिळाली तर."

"मिळाली की सांग. म्या येतो तिकडं. चारीचं टोक खोदल्यापासून बघितलं न्हाई म्या." मग बाबांकडं न बघता म्हणाले, "मिशाचं तिथंच बघू."

"ये," बाबा म्हणाले.

नियम कायम झाला. पुढच्या बैठकीत कुणी हरकत घेतली नाही. हळद आता वाळवायची कुठं यावर गावात रोज वाद चालू आहे, शाळेच्या गच्चीवर काही जणांचा डोळा आहे.

उन्हाळी पाळीचं मात्र अजून कळलेलं नाही. धरणातला साठा कमी आहे. वरच्या बैठकीत पिण्याचं पाणी आधी बाजूला निघेल, ते बरोबरच आहे, माझ्या दवाखान्यातल्या नळालाही तेच पाणी येतं. उरलं तर शेतीला. मी शाखा अभियंत्याला विचारलं, तो म्हणाला, आशा कमी आहे मॅडम. तरी मी अंदाजानं रजेचा अर्ज तयार ठेवला आहे. तारीख तेवढी कोरी सोडली आहे.

परवा गावी गेले होते. बाबा अंगणात मोबाइल हातात घेऊन बसलेले. काकांचा नंबर काढून ठेवलेला दिसत होता.

मी म्हटलं, "लावा ना."

"पाणी सुटलं का?"

"नाही."

"मग काय बोलू?"